मिटिंगमध्ये सगळ्यांचं ‘हो’, पण काम जागच्या जागी: तोच विषय परत परत येत असेल तर काय तपासाल?

सोमवारची मिटिंग. विषय, डिस्पॅचला होणारा उशीर. सगळे बोलतात, सगळे माना डोलावतात, “या आठवड्यात हे मार्गी लावायचंच” असं ठरतं, चहा येतो, मिटिंग संपते. पुढच्या सोमवारी वही उघडली की पहिला विषय पुन्हा तोच.

बडोद्यात टीम कोचिंगचं काम करताना मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतलं वीस-पंचवीस माणसांचं युनिट असो, वाघोडियाकडचा मोठा कारखाना असो, दांडिया बाजारातलं गणेश मंडळ असो किंवा फ्लॅटच्या सोसायटीची कमिटी. मंडळात विषय हिशेब सादर करण्याचा असतो, सोसायटीत पाण्याच्या टाकीचा. दुखणं एकच.

यावर बहुतेक ठिकाणी एकच औषध चालू असतं, ते म्हणजे पाठपुरावा वाढवणं. व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज सकाळी आठवण, खाली आठ-दहा अंगठे, मग साहेबांचा चढलेला आवाज, मग आणखी एक ग्रुप. गळणाऱ्या नळाखाली आणखी मोठी बादली ठेवण्याचा हा प्रकार आहे. माझ्या पाहण्यात काम आठवड्यात अडत नाही. ते मिटिंगच्या शेवटच्या दहा मिनिटांतच निसटलेलं असतं, आठवडाभर आपण फक्त त्याची वाट पाहत असतो. आणि “आमची माणसंच तशी आहेत” हे निदान मला तरी कामाचं वाटत नाही. कारण तीच माणसं घरच्या लग्नात दोन दिवसांत हजार पानांचं जेवण उठवून दाखवतात.

आधी वही काढा

गेल्या तीन-चार मिटिंगच्या नोंदी समोर घ्या. नोंदीच नसतील तर पहिलं उत्तर तिथेच मिळालं. एक शंभर पानी वही आणा आणि महिन्याभराने इथून पुन्हा सुरू करा.

नोंदी असतील तर प्रत्येक निर्णयापुढे तीन गोष्टी शोधा. कोण करणार, म्हणजे एकच नाव. केव्हापर्यंत, म्हणजे वार आणि वेळ. आणि झालं हे डोळ्यांना कशावरून दिसणार. “स्वच्छतेकडे लक्ष द्यायचं” यात तिन्ही नाहीत. “तीन नंबर मशिनशेजारचा भंगाराचा ढीग शुक्रवारी दुपारी टेम्पोत भरून जाईल, जबाबदारी दिनेशभाईंची” यात तिन्ही आहेत. ‘बघूया’, ‘करून घेऊ’, ‘सर्वांनी सहकार्य करावे’ असं काही लिहिलेलं दिसलं तर त्यावर सरळ काट मारा. तो निर्णय नव्हताच.

काट मारून झाल्यावर उरलेल्या निर्णयांकडे बघा. मुळात फारसे उरलेच नाहीत, तर पुढचा नावांचा भाग आधी वाचा. नाव, वार, सगळं होतं आणि तरी काम झालं नाही, तर ‘हो’ खरं नव्हतं असं धरून चाला. कामं झाली आहेत पण सगळ्यांपुढे नाव एकाच माणसाचं, आणि तो माणूस तुम्हीच, तर सरळ ‘काम तुम्हीच परत घेता’ या भागावर जा. थोडं टोचेल.

नाव नाही, किंवा नावं दोन

१९६८ साली जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोघांनी न्यूयॉर्कमधल्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला होता. वेगवेगळ्या खोल्यांत बसलेले विद्यार्थी मायक्रोफोन-हेडफोनवरून एकमेकांशी बोलत होते. त्यातल्या एकाला फेफरं आल्याचा आवाज ऐकू येतो (तो रेकॉर्ड केलेला होता). आपण एकटेच ऐकतोय असं ज्यांना वाटत होतं त्यांच्यातले ८५ टक्के आवाज थांबायच्या आत मदत मागायला उठले. आणखी चौघं ऐकतायत असं ज्यांना वाटत होतं त्यांच्यातले ३१ टक्केच. ही माणसं निर्दयी नव्हती. त्यांचे हात थरथरत होते, घाम फुटला होता. फक्त ‘कोणीतरी उठलं असेल’ असं प्रत्येकाला वाटलं.

फेफऱ्याच्या बाबतीत हे होतं, तर टाकी धुण्याच्या बाबतीत काय होणार?

म्हणून मिटिंग उठण्याआधी विचारायचा प्रश्न असा: “हे झालं नाही तर सोमवारी मी कोणाला विचारायचं?” ‘कोण करेल?’ यापेक्षा हा प्रश्न बरा, कारण करणारे हात चार असू शकतात, विचारायचं माणूस एकच हवं. “मेंटेनन्स आणि प्रॉडक्शन मिळून बघतील” असं उत्तर आलं तर थांबा. मिळून करा, पण सांगणार कोण ते ठरवा.

इथे एक खोड मंडळांमध्ये फार दिसते, कारखान्यांत थोडी कमी. जो आलेला नाही त्याच्या गळ्यात काम घालायचं. “मांडववाल्याशी बोलणं ना, ते पराग करेल.” पराग त्या वेळी अहमदाबादला. त्याला हे चार दिवसांनी कळतं, तेही टोमण्यातून. नियम साधा ठेवा: गैरहजर माणसाच्या नावावर काम नाही. फारच गरज असेल तर त्याला तिथल्या तिथे फोन लावा, स्पीकरवर, आणि त्याचं ‘हो’ सगळ्यांना ऐकू द्या.

‘हो’ खरं नव्हतं

सगळ्यात जास्त कामं इथे निसटतात आणि सगळ्यात कमी लोक इथे बघतात, म्हणून जरा थांबून बघू.

आपल्याकडच्या मिटिंगचा क्रम आठवा. मालक किंवा सगळ्यात जुने फोरमन आधी बोलतात. “मला वाटतं सेकंड शिफ्टने पहिला जॉब चेक केल्याशिवाय मशिन चालवायचं नाही. काय, बरोबर ना?” आता यावर कोण काय बोलणार? “बरोबर, साहेब.” “बरोबर.” “थई जशे (होऊन जाईल).” टेबलाभोवती फिरत ‘बरोबर’ शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचतं. त्या खुर्चीतल्या ऑपरेटरला पक्कं ठाऊक असतं की हे होणार नाही. तोही ‘बरोबर’च म्हणतो.

सॉलोमन अॅश यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला हे मोजलं होतं. तीन रेघांपैकी कोणती रेघ दिलेल्या रेघेएवढी आहे, इतकाच प्रश्न. लहान मूलही सांगेल असा. पण खोलीतले बाकीचे सगळे, आधीच ठरवून, चुकीचं उत्तर देत. अशा वेळी ज्यांच्यावर प्रयोग चालू होता त्यांची साधारण एक तृतीयांश उत्तरं गर्दीच्या बाजूने गेली, आणि चारातल्या तिघांनी निदान एकदा तरी डोळ्यांना दिसत होतं त्याच्या उलट सांगितलं. मला या प्रयोगातला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. खोलीत आणखी एकच माणूस खरं बोलणारा ठेवला की गर्दीमागे जाण्याचं प्रमाण एकदम खाली आलं. धीट माणसांची फौज लागत नाही. पहिलं ‘नाही’ सहज बाहेर पडेल एवढी सोय केली की पुरतं.

ती सोय करायच्या तीन रीती सांगतो.

पहिली फुकटची आहे आणि तीच लोकांना जड जाते: मोठ्यांनी शेवटी बोलायचं. विषय मांडून गप्प बसायचं. मालकांना हे सांगितलं की ते म्हणतात, “मी कुठे काय बोलतो?” मग मिटिंगमध्ये कोण किती वेळ बोललं हे कोणाला तरी घड्याळ लावून टिपायला सांगा. तो कागद फक्त मालकांना द्या, बाकी कोणाला नाही.

दुसरी, बोटं. निर्णय झाल्यावर सगळ्यांनी एकाच वेळी हात वर करून बोटं दाखवायची. पाच म्हणजे मी स्वतः पुढाकार घेईन. तीन म्हणजे शंका आहेत, पण चालेल. एक किंवा मूठ म्हणजे हे होणार नाही. एकाच वेळी दाखवायची, नाहीतर साहेबांची बोटं मोजून बाकीचे दाखवतात. तीन आणि त्याखालच्यांना विचारायचं, “चार व्हायला काय लागेल?” ‘दोनच का?’ असं विचारलं की समोरचा बचावात जातो आणि पुढच्या वेळी निमूट पाच दाखवतो. आणि दोन बोटं दाखवणाऱ्याला एकदा जरी सर्वांसमोर झापलंत, तर ही रीत त्या टीमपुरती संपली असं समजा. मग वर्षभर पाचच बोटं दिसतील आणि काम शून्य.

तिसरी माझी आवडती. गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने ती प्रचारात आणली. काम सुरू करण्याआधीच ते फसलं असं धरून चालायचं. “समजा दिवाळी आली. आपण आज ठरवलेलं पार फसलंय. कशामुळे फसलं? प्रत्येकाने दोन कारणं लिहा, नाव घालू नका.” ‘काही अडचण आहे का?’ या प्रश्नाला बहुतेक वेळा ‘नाही’च येतं, कारण अडचण सांगणारा नकारात्मक ठरतो. इथे फसलंय हे आधीच धरलेलं आहे, त्यामुळे कारण सांगणारा हुशार ठरतो.

मघाच्या त्या ‘पहिला जॉब चेक’ प्रकरणात हेच केलं. चिठ्ठ्या आल्या. बहुतेकांवर नेहमीचं: ट्रेनिंग कमी, कामाचा दबाव. एका चिठ्ठीवर हिंदीत एकच शब्द होता, ‘चाबी’. विचारत विचारत गेलो तेव्हा उलगडलं. मोजमापाचं गेज स्टोअरमध्ये. स्टोअर संध्याकाळी सहाला बंद. किल्ली स्टोअरकीपरच्या खिशात, त्यांच्या घरी. सेकंड शिफ्ट पहिला जॉब चेक करणार कशाने? अंदाजाने चालवतात, सकाळी माल रिजेक्ट होतो, पुन्हा करावा लागतो, म्हणून डिस्पॅचला उशीर. हे सगळं सेकंड शिफ्टला आधीपासून माहीत होतं. मग कोणी बोललं का नाही? स्टोअरकीपर म्हणजे मालकांचे सख्खे मामा!

उपाय एका लाकडी पेटीचा निघाला. लाइनवरच गेज ठेवायची, आत-बाहेर केल्याची सही करायची. मामांनाही त्यात काही वाईट वाटलं नाही, उलट संध्याकाळचे फोन बंद झाले म्हणून बरं वाटलं. पण ही पेटी पाठपुराव्याने कधीच सापडली नसती.

भाषेचंही बघा. इथल्या शॉप फ्लोअरवर गुजराती, हिंदी, मराठी सगळं चालतं, आणि उत्तर प्रदेश-बिहारकडून आलेली मुलं बऱ्याच ठिकाणी असतात. मिटिंग अस्खलित गुजरातीत चालली की त्यातली काही गप्प असतात ती लाजेने नव्हे, अर्ध्याच गोष्टी कळल्यामुळे. ज्याला जी भाषा येते त्यात लिहू द्या, वाचून दाखवणारा दुसरा असू द्या.

काम फार मोठं, सुरुवात दिसत नाही

नाव आहे, ‘हो’ही खरं आहे, तरी आठवडा कोरा गेला. विचारलं की उत्तर येतं, “वेळच मिळाला नाही.” खोटं नसतं ते. पण ‘पूर्ण स्टोअर लावून घ्यायचं’ असल्या कामाला वेळ कधीच मिळत नसतो, मिळतो तो पहिल्या कपाटाला.

आपण बडोदेकर सयाजीराव महाराजांचा दाखला कुठेही देतो, इथे मात्र तो खरंच लागू आहे. सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण त्यांनी संस्थानभर एका फटक्यात लागू केलं नाही. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यातल्या थोड्या गावांपासून प्रयोग सुरू झाला आणि सबंध संस्थानात ते लागू व्हायला १९०६ उजाडलं. हुकूम काढायचा पूर्ण अधिकार हातात असलेल्या माणसाने एका तालुक्यापासून सुरुवात केली. आपल्याला मात्र पाचही विभागांत एकाच सोमवारी फाइव्ह-एस (कामाची जागा नीटनेटकी ठेवायची जपानी पद्धत) लावायचं असतं.

तेव्हा विचारा: “यातला अर्ध्या तासात होणारा तुकडा कोणता?” आणि तो सापडला की: “बुधवारी जेवणाची सुट्टी संपल्यावर तू कुठे उभा असशील आणि हातात काय असेल?” ऐकायला विचित्र वाटतं, पहिल्यांदा लोक हसतात, हसू द्या. जर्मनीत पीटर गोलविट्झर आणि त्यांच्या सहकारी ब्रँडस्टेटर यांनी विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक छोटं टिपण लिहून पाठवायला सांगितलं होतं. कधी आणि कुठे बसून लिहिणार हे ज्यांनी आधीच ठरवलं त्यांच्यातल्या सुमारे तीन चतुर्थांशांनी ते वेळेत लिहिलं. नुसतंच ‘लिहीन’ म्हणणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांशांनी. १९९७ सालचा हा अभ्यास.

मुदत ठरवताना भिंतीवरच्या कॅलेंडरकडे एकदा मान वळवा. नवरात्राच्या नऊ रात्रींत कोणी सकाळी आठला ताजातवाना येणार नाही, उत्तरायणाचे १४ आणि १५ जानेवारी हे दोन दिवस शहर पतंग उडवायला गच्चीवर असतं, आणि विश्वामित्री नदीला पाणी चढलं की अर्धी टीम पुलापलीकडे अडकते. यातलं काहीही अचानक येत नाही. पूरसुद्धा पावसाळ्यातच येतो, फाल्गुनात नाही.

काम तुम्हीच परत घेता

गुरुवार उजाडतो. काम झालेलं नाही. मालक किंवा मॅनेजर वैतागून म्हणतात, “राहू दे, मीच करून टाकतो,” आणि खरंच दीड तासात करून टाकतात. काम सुरेख होतं. टीम काय शिकते? गुरुवारपर्यंत कळ काढायची.

हे सांगितलं की राग येतो, कारण ज्याला हे लागू पडतं तो माणूस बहुतेक वेळा सगळ्यात जास्त राबणारा असतो. मंडळातले काका आठवा. वर्गणीपासून विसर्जनापर्यंत सगळं त्यांच्या डोक्यावर, आणि दरवर्षी त्यांची तक्रार, “तरुण पोरं पुढे येत नाहीत.” पोरं येतात हो, मांडवाच्या दाराशीच उभी असतात. काकांनी एकदा दोरी सोडायला हवी.

यावर कोचिंग म्हणून जे करायचं ते टीमशी नव्हे, त्या एका माणसाशी. त्याला सांगा, महिनाभर खिशात एक छोटी डायरी ठेवायची आणि दुसऱ्याचं ठरलेलं काम आपण उचललं की एक रेघ ओढायची. बाकी काही बदलायचं नाही. रेघा वाढल्या की सल्ला देण्याची गरज उरत नाही.

मग काम अडल्याचं कोणी सांगायला आलं की उत्तर देण्याऐवजी विचारायचे प्रश्न: “आत्तापर्यंत काय करून पाहिलंस? आणखी काय काय करता येईल? त्यातलं तू काय करणार?” याच मार्गाने जाणारी ग्रो नावाची चौकट प्रसिद्ध आहे. त्यात ध्येय काय, आज परिस्थिती काय, पर्याय कोणते आणि यातलं काय करणार, असे चार टप्पे असतात. एकेकाशी बोलताना ती चांगली चालते. समूहात मात्र लोक पहिल्याच टप्प्यावर, ध्येयाच्या शब्दांवर, तासभर वाद घालतात. म्हणून समूहात मी परिस्थितीपासून सुरू करतो: “आज नेमकं काय घडतंय, शेवटचं उदाहरण सांगा.” उदाहरण आलं की ध्येय आपोआप स्पष्ट होतं.

प्रश्न विचारला की थांबा. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी वर्गांतली रेकॉर्डिंग तपासली होती. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभरच थांबतात आणि मग स्वतःच बोलायला लागतात असं त्यांना दिसलं. तेच तीन सेकंद थांबलं तर मुलांची उत्तरं लांबतात, एरवी गप्प असणारी मुलंही बोलतात. कारखान्यात तीनही पुरत नाहीत. मनात दहापर्यंत मोजा. ती शांतता तुम्हाला जितकी जड जाते तितकी समोरच्याला जात नाही, तो विचार करत असतो.

एक अपवाद ठळक लक्षात ठेवा. प्रेसखाली हात, उघडी वायर, मांडवाचा हलता खांब, इथे प्रश्न विचारत बसायचं नाही. सरळ सांगायचं, आवाज चढवून सांगायचं.

परत कोणी विचारतच नाही

हे दुरुस्त करायला सगळ्यात सोपं आहे. मिटिंगची पहिली दहा मिनिटं गेल्या वेळच्या यादीला. प्रत्येक ओळीला तीनपैकी एकच उत्तर: झालं, नाही झालं, अडलं. ‘झालं’ म्हणणाऱ्याने भाषण करायचं नाही. ‘अडलं’ म्हणणाऱ्याला एवढंच विचारा, “काय आडवं आलं, आणि कोणाची मदत हवी?” ‘का नाही केलंस?’ असं विचाराल तर सबब मिळेल आणि ती सबब तयार करण्यातच त्याची अर्धी हुशारी खर्च होईल.

शिवाय मध्ये एकदा डोकावा. कॉनी गर्सिक यांनी १९८८ साली काही गटांचं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळून पाहिलं, तेव्हा त्यांना आढळलं की दिलेल्या मुदतीचा अर्धा वेळ सरला की गट खडबडून जागा होतो आणि कामाची दिशा बदलतो. मुदत आठवड्याची असो की महिन्यांची. म्हणून सोमवार ते सोमवार काम असेल तर विचारपूस गुरुवारी करा. रविवारी रात्री फोन करून नुसता मनस्ताप वाढतो.

प्रश्न विचारून न सुटणाऱ्या गोष्टी

माणसंच कमी आहेत, पगार दोन महिने थकलाय, कच्चा माल येत नाही. इथे बोटं, चिठ्ठ्या, चौकटी काही चालणार नाही आणि चालवूही नये. त्याने लोक चिडतात, आणि त्यांचं चिडणं रास्त असतं.

दुसरी गोष्ट आपल्याकडच्या घरगुती धंद्यांत हमखास असते. दोघे भाऊ भागीदार, किंवा वडील आणि मुलगा. सकाळी एकजण सांगतो, “आधी बडोद्याची ऑर्डर काढा.” दुपारी दुसरा म्हणतो, “सुरतवाल्याचा माल गाडीत घाला.” टीम मग काहीच करत नाही. संध्याकाळपर्यंत कोणाचं चालतंय ते बघते आणि मग कामाला लागते. बाहेरून हे अगदी आळसासारखं दिसतं. मला अशा ठिकाणी बोलावलं की मी टीमची मिटिंग घेत नाही. त्या दोघांनाच घेऊन बसतो आणि एकच विचारतो: “तुमच्या दोघांचं पटलं नाही तर त्या दिवशी कोणाचं ऐकायचं, हे तुमच्या माणसांना माहीत आहे का?” त्यानंतर खोलीत बराच वेळ कोणी बोलत नाही. उत्तर ठरलं की ते त्या दोघांनी एकत्र उभं राहून टीमला सांगायचं, मी नाही.

आणि तरीही विषय परत आलाच तर

हे सगळं तपासूनही एखादा विषय तिसऱ्यांदा वहीत आला, तर त्यावर चर्चा करू नका. त्या दिवशी दोनच वाटा ठेवा. कोणीतरी एकाने तो आपल्या नावावर घ्यायचा, त्यातला अर्ध्या तासाचा तुकडा आणि वार सांगायचा. नाहीतर सगळ्यांसमोर त्यावर रेघ मारायची आणि शेजारी लिहायचं: “सध्या करणार नाही, निर्णय अमुक यांचा.” रेघ मारायला कोणी धजावत नाही, म्हणून विषय वर्षानुवर्षं वहीत राहतात. खोटंखोटं जिवंत ठेवलेल्या विषयापेक्षा रेघ बरी, कारण तिच्यामुळे बाकीच्या ओळींवर लोकांचा विश्वास बसतो. आणि रेघ मारताना कोणाचा तरी हात वर आला, “थांबा, हे काढू नका,” तर त्यालाच पेन द्या.